महाराष्ट्र निसर्ग उद्यान (धारावी): मुलांना घेऊन जायचंय, तीन तासांत काय आणि कसं पाहावं?

वडाची_पारंबी
नमस्कार मंडळी. सोसायटीतली १६ मुलं (वय ८ ते १३) आणि ६ मोठी माणसं असा गट घेऊन शीव-वांद्रे लिंक रोडवरच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जायचं ठरलंय. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातला एखादा रविवार, सकाळचे तीन तास हातात. मुलांना देशी झाडं, फुलपाखरं आणि जमलं तर मिठी नदीकाठची खारफुटी दाखवायची आहे. घसरगुंडी आणि वडापाव एवढ्यावर सहल आटपू नये, ही इच्छा. किती वाजता पोहोचावं, कुठल्या झाडांपाशी थांबावं, बरोबर काय घ्यावं, मुलांना कामाला कसं लावावं, सगळंच सांगा. ज्यांना झाडांतलं खरंच कळतं त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

मिठीकाठ
चांगला बेत आहे. आधी जागेबद्दल थोडं, कारण मुलांना ते सांगितलंच पाहिजे. आज जिथे ही ३७ एकरांची झाडी आहे, तिथे मुंबईचा कचरा टाकला जायचा. कचरा थांबल्यावर त्या भरावावर माती पसरून लागवड सुरू झाली. १९८३ मध्ये पहिलं रोप डॉ. सालिम अली यांच्या हातून लागलं आणि २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी उघडलं. म्हणजे तिथलं प्रत्येक झाड कुणीतरी लावलेलं आहे, किंवा त्यानंतर पक्ष्यांनी, वाऱ्याने आणि वटवाघळांनी आणलेलं आहे. मुलांना एक प्रश्न द्या: यातलं कुठलं झाड माणसाने लावलं असेल आणि कुठलं पाखराने? भिंतीच्या फटीत, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवलेला पिंपळ-उंबर दिसला की उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं.

मुख्य सूचना एकच. सगळं उद्यान पाहायचा हट्ट धरू नका. तीन तासांत अर्धा किलोमीटर चाललात तरी पुष्कळ. चारच झाडं निवडा आणि प्रत्येकापाशी वीस मिनिटं थांबा. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग मुंग्यांची रांग दिसते, कुरतडलेलं पान दिसतं, पानाखालची अंडी दिसतात. फलकावरची चाळीस नावं वाचून मूल बाहेर आलं तर घरी पोहोचेपर्यंत त्यातलं एकही डोक्यात उरत नाही.

आणि गटाने जाणार असाल तर उद्यानाच्या कार्यालयात आधी कळवा. वेळ, तिकीट, कॅमेऱ्याचं शुल्क, माहिती सांगणारं कुणी मिळेल का, हे तिथेच विचारून घ्या. या गोष्टी बदलत असतात, जुन्या पोस्टवर विसंबू नका.

पांदीतला_पक्षी
वेळेबद्दल. पक्षी आणि फुलपाखरं यांची वेळ एक नाही. पक्षी उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत, फुलपाखरं ऊन अंगावर आल्यावर, म्हणजे नऊ ते साडेअकरा. फुलपाखराला उडण्याआधी पंख उन्हात तापवावे लागतात, म्हणून सकाळी लवकर ती पंख पसरून पानावर बसलेली असतात. लहान मुलांना जवळून दाखवायला हीच वेळ उत्तम. बारानंतर ऑक्टोबरचं ऊन मुलांना आणि फुलपाखरांना, दोघांनाही नकोसं होतं.

ऑक्टोबरात स्थलांतरित पक्षी नुकते यायला लागलेले असतात. हळद्या, धोबी, वटवट्याच्या जाती. कायमचे रहिवासी म्हणजे तांबट, बुलबुल, शिंपी, नाचण, सूर्यपक्षी, फुलटोच्या. दुर्बीण ८×४२ ची घ्या. १०× ची मुलांच्या हातात स्थिर राहत नाही आणि तिच्यातून दिसणारा भागही लहान असतो. सहा जणांत एक दुर्बीण पुरते.

सायली_दहिसर
कपडे फिके, मातकट. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, बूट. अत्तर नको.

डासांचं मलम लावाल तर घरून निघतानाच लावा आणि तळहात धुऊन टाका. हाताला मलम तसंच असेल आणि मुलांनी अळी उचलली तर ती मरू शकते. शिवाय त्यातल्या काही प्रकारांनी दुर्बिणीचं रबर आणि प्लॅस्टिक खराब होतं.

गोट्या_गिरगावकर
मिठीकाठ, एका झाडापाशी वीस मिनिटं? आठ वर्षांची मुलं? पाचव्या मिनिटाला ती एकमेकांना ढकलायला लागतील. माझं मत उलट आहे. मुलांना चालतं ठेवा, हातात यादी द्या: काटेरी खोड, दोन वेगळ्या प्रकारची शेंग, कोळ्याचं जाळं, खरखरीत पान, पक्ष्याचं पीस, पोखरलेलं फळ. शोधा आणि खूण करा. चालता चालता जे दिसेल ते.

मिठीकाठ
यादी हवीच, गोट्या. फक्त ती एका झाडाची असू द्या. चार मुलांचा एक गट, एक झाड, आणि काम ठरलेलं. एकाने खोड बघायचं, एकाने पानाची वरची बाजू, एकाने खालची, चौथ्याने झाडाखालची जमीन. जमीन सगळ्यांत मजेची. पानावर किंवा फरशीवर बारीक काळे-हिरवे दाणे पडलेले दिसले की ती सुरवंटाची शी. बरोब्बर त्याच्यावर मान वर करून बघायचं, सुरवंट तिथेच कुठेतरी असतो. ही एक युक्ती शिकवलीत तर मुलं स्वतःहून थांबतात, त्यांना धरून ठेवावं लागत नाही.

पानोपानी
झाड ओळखायची रीत लिहिते. मुलांना पाठ करायला फक्त चार पायऱ्या.

पहिली: पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक? दुसरी: पान साधं की संयुक्त, म्हणजे एकाच देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेलं? इथेच बहुतेक सगळे फसतात. उपाय सोपा आहे, कळी शोधा. पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो त्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसते. म्हणून कडुनिंबाची ती लांब दांडी म्हणजे एकच पान. तिसरी: पान उजेडासमोर धरा. बारीक पारदर्शक ठिपके दिसले तर ती लिंबू, बेल, कढीलिंब यांच्या कुळातली तेलाची पिशवीवजा ग्रंथी. चौथी: चुरगळून वास. हे सगळं गळलेल्या पानांवरच करायचं. उद्यानातली पानं तोडायची नाहीत, हा नियम गेटवरच सांगून टाका. रुई दिसली तर चीक हाताला लागू देऊ नका, डोळ्यात गेला तर बुबुळाला गंभीर इजा होते.

दोन जोड्या मुद्दाम दाखवा.

सीतेचा अशोक आणि रस्त्याकडेचा उंच हिरवा अशोक. पहिल्याचं पान संयुक्त, पर्णिकांच्या ४ ते ६ जोड्या, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबणारी, केशरी फुलांचे गुच्छ थेट जुन्या फांदीवर. दुसऱ्याचं पान साधं, कडा नागमोडी. कुळंही वेगळी आहेत: पहिला बहाव्या-चिंचेच्या कुळातला, दुसरा सीताफळाच्या.

आपटा आणि कांचन. दसऱ्याच्या आसपासच जाताय म्हणून हे हवंच. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि जाडसर असतं. कांचनाचं पान त्याच्या दुपटीहून मोठं. बाजारात सोनं म्हणून आपट्याबरोबर कांचनाच्या फांद्याही सर्रास विकल्या जातात. मुलांनी एकदा दोन्ही पानं शेजारी पाहिली की ती पुन्हा फसत नाहीत. आणि फांद्या ओरबाडलेलं झाड पाहिलं की पुढच्या दसऱ्याला एकच पान पुरेल, हेही त्यांना सांगता येतं.

गोट्या_गिरगावकर
कळीची खूण माहीत नव्हती, मस्त. एक विचारतो: देशी म्हणजे नेमकं काय? गुलमोहर आमच्या आजोबांच्या आधीपासून मुंबईत आहे. तो अजून परदेशीच?

सुरवंट
गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेची, सुबाभूळ मेक्सिकोकडची, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. किती वर्षं झाली याला महत्त्व नाही. इथल्या किड्यांनी, पक्ष्यांनी, बुरशींनी त्याच्याशी किती नाती जोडली, हे बघायचं. गुलमोहराच्या पानावर थ्री-स्पॉट ग्रास यलो या पिवळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात, म्हणजे तो अगदीच परका राहिलेला नाही. पण वड, उंबर, बहावा, बेल, रुई यांच्यावर जगणाऱ्या जिवांची यादी करायला बसलात तर वही पुरणार नाही.

उद्यानात फुलपाखरू बागेपाशी थांबाल, तेव्हा फुलांपेक्षा पानांकडे बघा. फुलपाखरू दहा जातींच्या फुलांवर मध पिईल, पण अंडी घालताना मादी फार चोखंदळ. ती पायांनी पानाची चव घेते आणि ठरावीक झाडावरच अंडं घालते. लक्षात ठेवायच्या जोड्या:

कढीलिंब, लिंबू, बेल यांवर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन (२०१५ मध्ये जाहीर झालं) याच कुळातल्या झाडांवर. ईश्वरीच्या वेलीवर क्रिमझन रोझ. बहावा आणि टाकळ्यावर एमिग्रंट जातीची फिकट पिवळी-हिरवट फुलपाखरं. हिरव्या अशोकावर टेल्ड जे, म्हणून त्याला 'खोटा' म्हणून हिणवू नका. रुईवर प्लेन टायगर. वड, उंबर, कण्हेरीवर कॉमन क्रो, आणि याचा कोष जरूर शोधा: चांदीच्या पत्र्यासारखा चकाकतो, पानाखाली उलटा लटकलेला असतो.

प्लेन टायगरची गोष्ट मुलांना आवडतेच. रुईच्या पानातलं विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची मादी स्वतः विषारी नाही, पण हुबेहूब प्लेन टायगरचा वेश घेऊन हिंडते. दोन्ही एकाच बागेत दिसू शकतात. फरक मागच्या पंखावर बघा: प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला ते नसतात.

रानहळद
सुरवंट, मग घाणेरी का उपटतात सगळीकडे? घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड असते. ती काढली तर मध कुठला?

सुरवंट
बरोबर प्रश्न. घाणेरी अमेरिकेतली, मध भरपूर देते, हे खरंच. पण मध हे मोठ्या फुलपाखराचं खाणं. घाणेरीचं पान आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांच्या कामाचं नाही, आणि तिची जाळी दाट झाली की खाली टाकळा, खुळखुळा, रानवेली, झाडांची रोपं काहीच उगवत नाही. मधाचा ठेला राहतो आणि पाळणाघर जातं. म्हणून काढताना एकदम सगळी काढू नये. एका पट्ट्यातली काढून तिथे देशी झुडपं रुजू द्यावीत, ती फुलायला लागली की पुढचा पट्टा घ्यावा.

सगळ्या परदेशी तणांना एकाच मापाने मोजू नका. एकदांडीही बाहेरूनच आली, पण ती गवतात आडवी पसरते, कुणाला फार दाबत नाही आणि बारीक फुलपाखरांना वर्षभर मध देते.

रानहळद
पटलं. पट्ट्यापट्ट्याने काढायचं हे पहिल्यांदा ऐकलं.

पांदीतला_पक्षी
खुळखुळ्याचा उल्लेख आला म्हणून एक खास गोष्ट. सुकलेला खुळखुळा किंवा भुरुंडी कुठे दिसली तर तिथे उभे राहा. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो यांचे नर त्या वाळक्या काड्यांना चिकटून बसलेले असतात. फूल नाही, मध नाही, तरी हटत नाहीत. त्या झाडांत एक प्रकारचं अल्कलॉइड असतं. नर ते शोषून घेतात, त्यापासून मादीला बोलावणारा गंध तयार करतात, आणि मीलनाच्या वेळी त्याचा वाटा मादीला देतात. त्या वेळी नर इतके गुंगलेले असतात की मुलांना हातभर अंतरावरून बघता येतं. फोटोही इथेच काढा: स्वतःची सावली फुलपाखरावर पडू देऊ नका, सावली पडली की उडालंच. मोबाइलचा डिजिटल झूम वापरू नका, दुप्पट मोठं दाखवणारी वेगळी लेन्स असेल तर ती वापरा आणि खाली बसून, फुलपाखराच्या पातळीवरून सरका.

आंबेवाला_राजापूर
उद्यानात बांडगुळं दिसली तर मुलांना ती झाडाची शत्रू आहेत, हे सांगा. आंब्याच्या कलमांवर बांडगूळ धरलं की फांदी वाळते. वेळच्या वेळी, खालच्या निरोगी भागासकट छाटावं लागतं. नुसतं वरून ओरबाडलं तर आत घुसलेल्या मुळातून परत फुटतं.

मिठीकाठ
बागेत छाटलंच पाहिजे, वाद नाही. निसर्ग उद्यानातला हिशोब वेगळा. बांडगूळ स्वतःचं अन्न हिरव्या पानांत बनवतं, झाडाकडून पाणी आणि क्षार तेवढे घेतं. त्याची फळं फुलटोच्या खातो. बी चिकट असतं, सहज पडत नाही, म्हणून तो फांदीवर बूड घासतो आणि बी तिथेच चिकटून रुजतं. त्या बांडगुळाच्या पानांवर कॉमन जेझबेल, आपलं हळदीकुंकू, झुबक्याने अंडी घालतं आणि अळ्या गटाने वाढतात. बांडगूळ सरसकट काढलंत तर उद्यानातून फुलटोच्याचं खाणं आणि हळदीकुंकवाचं घर, दोन्ही गेलं. धडधाकट मोठ्या झाडावर दोन-चार बांडगुळं राहिली तर झाडाला ती पेलतात. लहान किंवा आजारी झाडावरची मात्र काढावीत.

हळदीकुंकू उंच शेंड्यावर उडतं, म्हणून पंखांची खालची बाजू दिसते. पिवळा आणि लाल रंग त्या खालच्याच बाजूला आहे.

आंबेवाला_राजापूर
हे मान्य. माझ्या कलमांवर मात्र नको.

बोंबील_माहीम
खारफुटीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. भरतीच्या वेळी गेलात तर पाणी आणि शेंडे दिसतील, बाकी काही नाही. ओहोटी धरूनच जायला हवं. वेळ काढायचा कोळीवाड्यातला हिशोब असा: तिथीचा आकडा गुणिले ३, भागिले ४. जे येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ, दिवसाही आणि रात्रीही. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हाच नियम.

म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती. त्या दिवशी सकाळचं जाणं फुकट. अष्टमीला ६ ला भरती, ओहोटी बाराच्या पुढे. तुम्हाला हवी चतुर्थी किंवा पंचमी: भरती ३ किंवा पावणेचारला, ओहोटी सव्वानऊ ते दहा. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतं. हा अंदाज आहे, नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या. खाडीत आत पाणी थोडं उशिरा उतरतं, तेही धरा.

मिठीच्या बाजूला मुख्य झाड तिवर. ओळख सोपी: पानाची खालची बाजू पांढुरकी आणि चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी हजारो मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वासासाठी वर येतात. त्यांना भोकं असतात, ओहोटीत हवा आत जाते. प्लॅस्टिकची पिशवी किंवा कापड त्या मुळांवर अडकून बसलं की झाड गुदमरतं. मिठीच्या काठी हे कसं घडतं, ते मुलांना डोळ्यांनी बघता येईल. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हात पानावर मिठाचे कण चमकतात. नेहमी सांगतात तसं पान चाटून बघायला लावू नका, ते पाणी मिठीचं आहे. भिंगातून कण दाखवा.

चिखलात उतरायचं नाही, उतरवायचं नाही. पाय रुतला की मूल घाबरतं, मुळं मोडतात, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षणही आहे. काठावरून बगळे, वंचक, खंड्या, तुतारीसारखे चिखलातले पक्षी आरामात दिसतात.

पानोपानी
बोंबील_माहीम, तिथीचा नियम वहीत उतरवून घेतला. जोडीला एवढंच सांगा मुलांना: आपलं राज्य कांदळवृक्ष पांढरी चिप्पी आहे, २०२० मध्ये जाहीर झाला. राज्यफूल तामण. राज्यपक्षी हरियाल. परीक्षेतही उपयोगी.

फलकवाला
थोडं विषयांतर. कुठल्याही उद्यानात झाडांवरच्या पाट्या बघा. पाटी खिळ्याने ठोकली असेल तर झाड जाड होताना खिळा आणि पाटी गिळतं, जखमेतून बुरशी शिरते. तारेने आवळली असेल तर त्याहून वाईट, तार सालीत रुतते आणि पानांकडून मुळाकडे जाणारं अन्न अडतं. बरोबर रीत: ॲल्युमिनियमची पाटी, स्टीलची स्प्रिंग, खोडाभोवती सैल, दरवर्षी एकदा तपासून ढिली करायची. झाड लहान असेल तर पाटी खोडाला लावूच नये, शेजारी खुंटीवर लावावी.

जुन्या पाट्यांवरची शास्त्रीय नावंही बदललेली असतात. बाभूळ आणि खैर आधी दोन्ही अकेशिया होते, आता बाभूळ व्हॅचेलिया आणि खैर सेनेगालिया. मुलांनी मोबाइलवर शोधून 'पाटी चुकली' म्हटलं तर गोंधळू नका. दोन्ही नावांचं झाड एकच.

करवीरची_कळलावी
कोल्हापूरकडे आलात तर शिवाजी विद्यापीठाचं लीड बोटॅनिकल गार्डनही बघा. सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पती जपायचं काम तिथे होतं, कंदीलपुष्पांचं विशेषतः. ऑगस्ट-सप्टेंबरात फुलं. कंदीलपुष्पाची रचना बघण्यासारखी: फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी वासाने आत घसरते, केसांमुळे वर चढता येत नाही. काही काळाने केस वाळतात, माशी सुटते आणि पराग घेऊन पुढच्या फुलात जाऊन परत अडकते. माशी मरत नाही, फक्त थोपवून धरलेली असते. याचे कंद लोक उकरून खातात आणि कड्यांवरची झाडं संपतात, म्हणून उद्यानात जपणं भाग पडलं.

गोट्या_गिरगावकर
आणि कारवी? ती कधी फुलते?

पांदीतला_पक्षी
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ ला आणि मग २०२४ ला फुलली. आठ वर्षांचं चक्र, म्हणजे आता २०३२. तुमच्या गटातली दहा वर्षांची मुलं तेव्हा कॉलेजात असतील.

सायली_दहिसर
उद्यान पाहून आल्यावर मुलं घरी फुलपाखरं हवीत म्हणतात. बारा इंची कुंडीत कढीलिंब लावा. चार तास ऊन, फवारणी अजिबात नाही. कॉमन मॉरमॉन येतंच. अंडं मोहरीहून लहान, पिवळसर. अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी काळपट-पांढरी, मोठी झाल्यावर हिरवी. डिवचली की डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरू साधारण महिन्याभरात. एक अडचण मात्र ठरलेली: शेवटच्या आठवड्यात अळी प्रचंड खाते. फूटभर रोपावर चार-पाच अळ्या वाढल्या तर पानं आधी संपतात आणि अळ्या उपाशी मरतात. म्हणून निदान दोन रोपं ठेवा, किंवा जादा अळ्या मोठ्या झाडावर सोडा. बाजारातून आणलेल्या कढीलिंबावर औषध मारलेलं असू शकतं, ती पानं अळ्यांना घालू नका.

रोपं घेताना उद्यानाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. उद्यानातल्या बिया खिशात भरू नका, विचारून घ्या. बहाव्याची बी मिळालीच तर ती कठीण असते. टोकाला कानस किंवा खरखरीत कागदाने थोडं घासा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, फुगलेल्या तेवढ्याच पेरा. कडुनिंबाचं बी मात्र ताजंच पेरायचं, ते फार टिकत नाही.

वडाची_पारंबी
मंडळी, किती लिहिलंत! सगळं छापून घेतलं. कॅलेंडर पाहिलं, एका रविवारी वद्य पंचमी आहे. बोंबील_माहीम यांच्या हिशोबाने ओहोटी दहाच्या सुमारास. असा बेत केलाय: गेट उघडल्यावर आधी पक्षी, मग नऊ वाजता फुलपाखरू बाग, दहाला मिठीची बाजू, शेवटी चार गटांनी चार झाडं. काही बदलायचं?

मिठीकाठ
क्रम थोडा बदला. शेवटच्या तासाला मुलं दमलेली, ऊन चढलेलं, तेव्हा झाडाखालचं काम जमणार नाही. पक्षी बघताना दाट सावलीत असालच, झाडांचं काम तिथेच, फुलपाखरू बागेत जाण्याआधी उरका. मग फुलपाखरं, मग नदीची बाजू. आणि मिठीकडे जाताना फुलपाखरू बागेतून परत फिरा, म्हणजे आधी न दिसलेलं ऊन चढल्यावर दिसेल.

प्रत्येक मोठ्या माणसामागे तीनच मुलं येतात, फार छान. त्यांची नावानिशी वाटणी आदल्या दिवशीच करा.

पानोपानी
सामान: १०× चं भिंग प्रत्येक गटाला एक (दोरी बांधून गळ्यात), पेन्सिल, जाड पुठ्ठ्यावर लावलेले कोरे कागद. चित्र काढायला लावा, कितीही वेडंवाकडं असो. फोटो काढणारं मूल शिरा मोजत नाही, चित्र काढणारं मोजतं. पाणी माणशी एक लिटर. आणि चिकटपट्टी.

वडाची_पारंबी
चिकटपट्टी कशाला?

पानोपानी
खाजकुइलीसाठी. तिच्या मखमली शेंगा पावसाळ्यानंतर धरतात आणि वाळल्या की त्यावरची लव वाऱ्यानेही अंगावर येते. लागली तर चोळायचं नाही, चोळलं की लव आत शिरते. चिकटपट्टी लावून उचलायची, दोन-तीनदा, मग पाण्याने धुवायचं. कपड्यांवर लव असेल तर ते वेगळे ठेवायचे. तसंच झाडांवर पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं दिसलं तर दोन हात लांबून बघा. त्या मुंग्या आपल्याच अळ्यांच्या रेशमाने पानं जोडतात, ते भिंगाशिवायही दिसतं.

वडाची_पारंबी
आणि पाऊस आला तर? ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो.

पांदीतला_पक्षी
रिमझिम असेल तर जा. फुलपाखरं पानांच्या खालच्या बाजूला बसलेली सापडतील, कोळ्यांची जाळी थेंबांमुळे स्पष्ट दिसतात. विजा आणि वारा असेल तर रद्द करा, भरावाच्या जमिनीवरच्या झाडांच्या फांद्यांचा आणि मुळांचा भरवसा धरू नये. पुढची तारीख मात्र लगेचच्या रविवारची धरू नका, आठवड्यात ओहोटी सहा तासांनी सरकलेली असेल. पंधरा दिवसांनंतरचा रविवार घ्या, शुद्ध पक्षातली चतुर्थी-पंचमी मिळेल.